नोकरी सांभाळून शिक्षण : करिअर विकासाच्या अभ्यासातील एक प्रश्न



कामाची पाळी संपवून, घरची कामे आटोपून आपण ही पुस्तिका उघडली असेल. अशा विद्यार्थ्यासाठी शिक्षणाची सोय जुनीच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. त्याच्याविषयीचे संशोधन मात्र बरेच उशिरा सुरू झाले.

व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९७५ च्या प्रतिमानानुसार, विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात किती मिसळतो, यावर त्याचे टिकणे मुख्यतः अवलंबून असते. वसतिगृहात राहणाऱ्या तरुणाला हे लागू पडेल. पण जो महाविद्यालयात केवळ रविवारी येतो, त्याचे काय? बीन व मेट्झनर यांनी १९८५ मध्ये या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार केला. नोकरीचे तास, आर्थिक स्थिती, कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि बाहेरून मिळणारे प्रोत्साहन यांना त्यांनी महत्त्व दिले. त्यांचे एक प्रतिपादन लक्षात ठेवण्याजोगे आहे : घर व कार्यालय पाठीशी असेल, तर शैक्षणिक साहाय्यातील उणीव भरून निघू शकते, परंतु घरचा आधार नसेल, तर उत्तम अध्यापनही ती उणीव भरून काढत नाही. म्हणूनच गळतीचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या चिकाटीवर टाकणे अन्यायाचे ठरते.

आता करिअरकडे वळू. डोनाल्ड सुपर यांनी १९५७ मध्ये करिअरचे वाढ, शोध, स्थिरता असे टप्पे कल्पिले. पुढे १९८० मध्ये त्यांनी इंद्रधनुष्याची आकृती मांडली. तीत विद्यार्थी, कर्मचारी, पालक, नागरिक या भूमिका एकाच काळात शेजारी शेजारी दिसतात. चाळिशीतील परिचारिका पदवीला प्रवेश घेते, तेव्हा ती मागे पडलेली नसते. तिच्या इंद्रधनुष्यातील एक पट्टा पुन्हा रुंद झालेला असतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाचा 'उपयोग' मोजताना बहुतेकदा पगार व बढती पाहिली जाते. येथे एक सापळा आहे. पदवी पूर्ण करणाऱ्यांचीच गणना केली, तर अर्ध्यावर थांबलेले हिशेबातून निसटतात आणि निष्कर्ष वाजवीपेक्षा गोड निघतो. शिवाय बढती पदवीमुळे मिळाली, की ज्या जिद्दीने प्रवेश घेतला त्याच जिद्दीमुळे, हे केवळ आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी प्रवेश घेतलेल्या सर्वांचा काही वर्षे मागोवा घ्यावा लागतो व मुलाखतीही घ्याव्या लागतात. हे काम खर्चीक असल्याने टाळले जाते, असे आम्हांस वाटते.

स्वयंअध्ययन : आपल्या अभ्यासकेंद्रात आपल्याबरोबर प्रवेश घेऊन पुढे येईनाशा झालेल्या एका विद्यार्थ्याला भेटा. त्याच्या संमतीने अर्धा तास बोला. त्याने सांगितलेली कारणे टिंटो व बीन-मेट्झनर यांच्या प्रतिमानांपैकी कोणत्यात बसतात, आणि कोणती कोठेच बसत नाहीत, ते दोन पानांत लिहा. त्याचे नाव लिहू नका.