प्रतिस्पर्ध्याची रीत ओळखणे : चिंचोका व खडा

हेतू. अनेक गड्यांच्या डावपेचाच्या खेळात समोरच्याची खेळण्याची रीत त्याच्या कृतीवरून ओळखण्यास विद्यार्थ्यांस शिकविणे. इयत्ता चौथीपासून पुढे हा पाठ घेता येईल.

साहित्य. प्रत्येक मुलास एक चिंचोका व एक खडा. डाव मांडण्यासाठी पाट्या.

रीत. सहा मुले निवडावीत. दोघांनी समोरासमोर बसून चिंचोका किंवा खडा मुठीत लपवावा व खूण होताच मुठी एकदम उघडाव्यात. चिंचोका म्हणजे सहकार, खडा म्हणजे दगा. दोन्ही चिंचोके निघाल्यास प्रत्येकी ३ गुण. दोन्ही खडे निघाल्यास प्रत्येकी १. एकाचा खडा व दुसऱ्याचा चिंचोका असल्यास खडेवाल्यास ५ व दुसऱ्यास शून्य. एका जोडीने सुमारे २० डाव खेळावेत. शेवटचा डाव कोणता, हे आधी सांगू नये. ते कळल्यास त्या डावात खडा काढण्याचा मोह होतो. प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळला म्हणजे १५ सामने होतात. एकूण गुण ज्याचे अधिक, तो विजयी.

विवेचन. हा खेळ शास्त्रज्ञांत ‘कैद्यांचा पेच’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर त्याची स्पर्धा भरविली व तिचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध केले. विद्वानांनी धाडलेल्या १४ कार्यक्रमांत वाटेल तसा खेळणारा एक मिळवून, प्रत्येक सामना २०० डावांचा खेळविण्यात आला. अनेकांनी मोठ्या युक्त्या योजल्या होत्या. परंतु जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांचा अगदी लहान कार्यक्रम. त्याचा नियम एवढाच : प्रथम सहकार करावा, पुढे समोरच्याने मागील डावात जे केले तेच करावे. नंतरच्या स्पर्धेत ६२ कार्यक्रम आले, तरीही तोच पहिला आला.

यातील नवल असे की, हा ‘जशास तसा’ कोणत्याही एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक गुण मिळवूच शकत नाही. तरीही त्याची बेरीज सर्वांत मोठी झाली, कारण त्याची रीत समोरच्यास चटकन उमगते. पहिल्या स्पर्धेतील वरचे आठही कार्यक्रम आपण होऊन प्रथम दगा न देणारे होते. त्या आठांत तळाशी राहिला तो एकदा दगा होताच कायमचा डूख धरणारा. याउलट एक कार्यक्रम मधूनच, कारण नसता, दगा देऊन पाही. त्याची व ‘जशास तशा’ची गाठ पडली तेव्हा प्रत्येकी ६०० गुण शक्य असता दोघांनाही २५० च्या आत समाधान मानावे लागले.

निरीक्षण. खेळ संपल्यावर पाट्या फळ्याजवळ मांडून मुलांस तीन प्रश्न विचारावेत :

१. पहिला खडा कोणी काढला?
२. समोरून खडा आल्यावर पुढच्या डावात याने काय केले?
३. समोरचा पुन्हा चिंचोक्याकडे वळल्यावर हाही वळला काय?

या तीन उत्तरांवरून भोळा, लोभी, डूख धरणारा, लहरी व जशास तसा हे प्रकार मुले स्वतःच वेगळे काढू शकतील. एका डावावरून मात्र कोणताही प्रकार ठरवू देऊ नये. जशास तसे खेळणाऱ्या दोघांपैकी एकाने चुकून खडा उघडला, तर खडे आळीपाळीने निघत राहतात व दोघेही दुसऱ्यासच दोष देतात. अशा वेळी एकाने एक खडा सोसून चिंचोका काढला, तरच ती साखळी तुटते. मुलांकडून हे प्रत्यक्ष करवून घ्यावे.

शिक्षकांस सूचना. या पाठाचा उपयोग मुलांइतकाच आपणांसही आहे. मधल्या सुट्टीतील भांडणात आपल्या नजरेस बहुधा शेवटचा खडा पडतो व तो काढणारा मुलगा ‘खोडकर’ ठरतो. एकदा लागलेला हा शिक्का त्याच्या कपाळी वर्षानुवर्षे राहतो. मग त्याने चिंचोका पुढे केला तरी कोणी विश्वास ठेवीत नाही. यासाठी नाव ठेवण्यापूर्वी पाटी पहिल्या डावापासून वाचावी. तसेच आपली रीतही मुलांस वाचता यावी. आज ज्या चुकीस हसू, उद्या तिलाच छडी, असे झाल्यास मूल आपल्यासमोर मूठ कधीच मोकळी करणार नाही.

स्वाध्याय. आठवड्यानंतर खेळ पुन्हा घ्यावा. कोणाची रीत पालटली व कोणामुळे, हे मुलांकडून पाच ओळींत लिहून घ्यावे.