इंग्लंडात नोंदणीकृत चाइल्डमाइंडर व्हायचं असेल तर : चंद्रपूर-गडचिरोलीच्या ताईंसाठी

नवऱ्याला इंग्लंडात नोकरी लागली, सोबत तुम्हीही आलात. गावाकडे अंगणवाडीत किंवा बालवाडीत काम केलं होतं, निदान नात्यागोत्यातली चार लेकरं तरी सांभाळली होती. इथे घरी बसून दिवस जात नाही, आणि शेजारची मराठी जोडपी विचारू लागतात, ‘ताई, आमच्या बाळाला सांभाळाल का?’ ब्रह्मपुरी, मूल, राजुरा, वडसा, आरमोरी, अहेरी अशा गावांतून आलेल्या अनेकींची सुरुवात अशीच होते. इथे स्थिरावलेल्या आम्हा कुटुंबांचा अनुभव आणि इथले नियम पुढे एकत्र मांडले आहेत. त्यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची : हो म्हणण्याआधी नोंदणी करा.

नोंदणी कोणाला लागते?

आठ वर्षांखालच्या दुसऱ्याच्या मुलाला तुमच्या घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ मोबदला घेऊन सांभाळत असाल, तर तुम्ही ‘चाइल्डमाइंडर’ ठरता आणि इंग्लंडात नोंदणी सक्तीची आहे. ‘चाइल्डकेअर अ‍ॅक्ट 2006’ हा त्यामागचा कायदा. नोंदणीशिवाय असं काम करणं हा गुन्हा आहे. ओळखीतलं आहे, पैसे थोडेच घेते, रोख घेते, ही कारणं चालत नाहीत.

जवळच्या नातेवाइकांना सूट आहे. आजी-आजोबा, काका-मामा, मावशी-आत्या, भाऊ-बहीण यांनी मूल सांभाळलं तर नोंदणी लागत नाही. पण आपल्याकडे चुलत बहिणीचा मुलगाही भाचाच असतो. इथला कायदा त्याला तुमचा जवळचा नातेवाईक मानत नाही, तेव्हा त्याच्यासाठी पैसे घेणार असाल तर नोंदणी हवी. मुलाच्या आई-वडिलांच्या घरी जाऊन सांभाळणारी बाई ‘नॅनी’ ठरते आणि तिच्यासाठी नोंदणी ऐच्छिक आहे.

नोंदणी ‘ऑफस्टेड’ या सरकारी तपासणी संस्थेकडे किंवा मान्यताप्राप्त चाइल्डमाइंडर एजन्सीकडे करता येते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘अर्ली इयर्स रजिस्टर’ आणि त्यापुढच्यांसाठी ‘चाइल्डकेअर रजिस्टर’ आहे. बहुतेक जणी एकाच अर्जात दोन्हींत नाव घालतात, तेच सोयीचं पडतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हे काम तिथल्या केअर इन्स्पेक्टरेट पाहतात, तर उत्तर आयर्लंडात स्थानिक हेल्थ अँड सोशल केअर ट्रस्ट पाहतात. तिथले नियम वेगळे आहेत, त्यामुळे लंडनच्या मैत्रिणीचा सल्ला ग्लासगोत लागू पडेलच असं नाही.

पदवी विचारत नाहीत, तयारी विचारतात

‘माझी बारावीच झाली आहे, मला कोण घेणार?’ ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. चाइल्डमाइंडर होण्यासाठी इंग्लंडात पदवी किंवा पदविका सक्तीची नाही. पुढे पाळणाघरात म्हणजे नर्सरीत नोकरी करायची असेल तेव्हा ‘लेव्हल 3’ची पात्रता कामाला येते. भारतातला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम इथे कितपत ग्राह्य धरला जाईल, हे तेव्हा ‘यूके एनिक’कडून तपासून घ्यावं.

कमी शिकलेल्या बाईच्या हातून बाळाची उत्तम काळजी घेतली जाते, हे तर गडचिरोलीनेच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांतल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, बाळाला ऊबदार ठेवणं आणि धोक्याची चिन्हं ओळखणं त्या शिकल्या. ज्यांना दहापुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचा श्वासमापक बनवला होता : दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि मिनिट संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. त्या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि 2011 मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचं हे काम आशा कार्यकर्त्यांकडे सोपवलं. त्या बायकांकडे पदवी नव्हती. प्रशिक्षण होतं, ठरलेली पद्धत होती आणि रोजच्या नोंदी होत्या. इंग्लंडातला नोंदणी अधिकारी तुमच्यात हेच तीन गुण शोधतो.

कोणती प्रशिक्षणं घ्यायची?

*मुलांचं प्रथमोपचार प्रशिक्षण.* ‘पीडियाट्रिक फर्स्ट एड’चा पूर्ण अभ्यासक्रम 12 तासांचा असतो आणि दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. घास अडकलेल्या तान्ह्या बाळाला हातावर पालथं धरून पाठीवर ठोके कसे द्यायचे, छातीवर दाब कसा द्यायचा, हे पुतळ्यावर करून घेतात. ऑनलाइन भाग असला तरी प्रत्यक्ष सरावाचा दिवस असलेलाच वर्ग निवडा. सहा तासांचा छोटा वर्ग स्वस्त मिळतो, पण तो इथे पुरत नाही.

*बालसुरक्षेचं म्हणजे ‘सेफगार्डिंग’चं प्रशिक्षण.* मुलाच्या अंगावरचे वळ, अचानक आलेली भीती, सतत उपाशी येणं ही लक्षणं ओळखणं आणि ती कोणाला कळवायची हे यात शिकवतात. ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा’ ही आपली सवय इथे सोडावीच लागते. संशय आला की स्थानिक कौन्सिलला कळवणं तुमचं कर्तव्य आहे. हे प्रशिक्षण दर दोन वर्षांनी ताजं करायचं असतं.

*‘अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज’ची ओळख.* जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं शिक्षण आणि संगोपन यांचा हा राष्ट्रीय आराखडा. जानेवारी 2024 पासून चाइल्डमाइंडरांसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे. तेव्हापासून नोंदणीआधी त्याचा वर्ग करणं सक्तीचं राहिलेलं नाही, पण आराखडा माहीत असणं आणि तो रोज कसा वापराल हे सांगता येणं सक्तीचंच आहे. म्हणून वर्ग करून घ्या, असंच आम्ही सांगतो. अनेक कौन्सिल असे वर्ग घेतात. ‘कोरम पेसी’ ही चाइल्डमाइंडरांसोबत काम करणारी जुनी संस्थाही मार्गदर्शन करते.

अंगणवाडीत ‘आकार’ अभ्यासक्रम राबवलेल्या ताईंना हा आराखडा परका वाटणार नाही. भाषा आणि संवाद, शारीरिक विकास, भावनिक-सामाजिक विकास हे त्याचे तीन मुख्य पाय आहेत. अंगणवाडीत आपण वजन-उंची आणि दंडघेर घेऊन तक्त्यावर मांडत होतो. इथे मूल काय बोलतं, कसं खेळतं, कुठे अडतं हे टिपायचं असतं, आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान त्याच्या प्रगतीचा लेखी आढावा पालकांना द्यायचा असतो.

*अन्नस्वच्छता.* मुलांना घरी शिजवलेलं देणार असाल तर याचं प्रशिक्षण हवं. ‘लेव्हल 2’चा ऑनलाइन वर्ग बहुतेक जणी करतात.

स्वयंपाकघराकडे नव्याने पाहा

आपल्या घरांना इथेच सर्वांत जास्त बदलावं लागतं. अ‍ॅलर्जी आणणाऱ्या 14 पदार्थांची माहिती पालकांना देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत शेंगदाणा आणि तीळ आहेत, गहू आणि दूध आहे आणि मोहरीही आहे. म्हणजे भाजीत कूट घातलं नाही तरी फोडणीची मोहरी सांगावीच लागते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेही सांगायचं. डब्यावरची घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, म्हणून मधातली घुटी बंद. वरणातलं मीठ बाळाचा वाटा काढल्यावर घाला. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्या. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे-काजू देऊ नका. मुलं जेवत असताना प्रथमोपचार प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने त्याच खोलीत असायला हवं. तेवढ्यात पोळी उलटून येते म्हणून उठून जायचं नाही. आधी पोळ्या, मग जेवण.

बाळाला झोपवायचं ते पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, मोकळ्या पाळण्यात. लुगड्याची झोळी, मोहरीची उशी, दुपटं-गोधड्यांचा ढीग चालणार नाही. डोळ्यांत काजळ नको. औषध द्यायचं तर पालकांची लेखी परवानगी घ्यायची आणि प्रत्येक वेळी नोंद करायची. मुलाला मारणं तर नाहीच, ‘मार खाशील’ अशी धमकीही द्यायची नाही. मुलं घरात असताना धूम्रपान किंवा व्हेपिंग बंद. आपल्या भागातून आलेल्या घरांना आणखी एक कळकळीचं सांगणं : खर्रा घरात ठेवूच नका. रांगतं मूल जमिनीवरचं काहीही तोंडात घालतं.

किती मुलं?

एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात. त्यांपैकी पाच वर्षांपर्यंतची तीन, आणि त्या तिनांत वर्षाच्या आतलं एकच. या आकड्यांत तुमची स्वतःची मुलंही धरली जातात. काही परिस्थितींत सवलत मिळते, पण सुरुवातीला मूळ आकड्यातच राहा. घरात दोन लहान मुलं असतील तर बाहेरचं एकच लहान मूल घेता येईल, हे धरून हिशोब करा.

कागद कोणत्या क्रमाने?

1. व्हिसा तपासा. स्किल्ड वर्कर व्हिसावरील जोडीदाराला स्वयंरोजगाराची मुभा असते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला स्वतःला ती नाही. भेटीच्या व्हिसावर आलेल्या सासूबाईंना किंवा आईला पैशांसाठी परक्यांची मुलं सांभाळता येत नाहीत.

2. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकारावर अवलंबून राहू नका.

3. भारतातून निघण्याआधीच ‘पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट’ काढून ठेवा. गेल्या पाच वर्षांत परदेशात राहिलेल्यांना ते लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे नागपूर प्रादेशिक पारपत्र कार्यालयाखाली येतात. इथे आल्यावर भारतीय उच्चायुक्तालयामार्फतही मिळतं, पण गावच्या ठाण्यातल्या पडताळणीत वेळ जातो. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि आधार यांतलं नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही तिथूनच पाहून निघा.

4. ‘डीबीएस’ म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी ऑफस्टेडने सांगितलेल्या मार्गाने करा. ती तुमचीच नव्हे, तर घरात राहणाऱ्या 16 वर्षांपुढच्या प्रत्येकाची होते. दीर पोटमाळ्यावरच्या खोलीत राहत असेल तर त्याचीही. प्रमाणपत्र निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत ‘अपडेट सर्व्हिस’मध्ये नाव घाला.

5. आरोग्याचं घोषणापत्र आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांचे संदर्भ द्या.

6. अर्ज आणि शुल्क भरा. अर्ली इयर्स रजिस्टरसाठी चाइल्डमाइंडरचं शुल्क सध्या 35 पौंड आहे. निर्णयाला 12 आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

7. सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवा. मुलांचे फोटो आणि माहिती फोनवर किंवा संगणकावर ठेवणार असाल तर ‘इन्फर्मेशन कमिशनर’कडे नोंदणी करा. एचएमआरसीकडे म्हणजे करखात्याकडे स्वयंरोजगाराची नोंद करा आणि पहिल्या दिवसापासून पावत्या जपा.

नोंदणी झाल्यावर आई गावाहून येऊन काही महिने राहणार असेल, मुलगा सोळाचा होणार असेल, घर बदलणार असाल, तर ऑफस्टेडला कळवायला विसरू नका.

घराची पाहणी आणि इंग्रजी

नोंदणीआधी अधिकारी घर पाहायला येतो आणि तुमच्याशी बोलतो. जिन्याला फाटक, धुराचा अलार्म, औषधं आणि साबण उंचावर कुलपात, बागेचं फाटक बंद, देवघरातल्या निरांजनाजवळ आणि उदबत्तीजवळ मूल पोहोचणार नाही अशी जागा, हे सगळं तयार ठेवा. ‘मूल पडलं तर काय कराल?’ ‘संध्याकाळी अनोळखी माणूस न्यायला आला तर?’ ‘कोणी मुलाला मारतं असं वाटलं तर?’ असे प्रश्न येतात. पाठ केलेलं उत्तर नको. तुम्ही काय कराल ते क्रमाने सांगा.

फर्डं इंग्रजी लागत नाही. नोंदी लिहिता याव्यात, औषधाचं लेबल वाचता यावं, पालकांशी बोलता यावं आणि 999 वर फोन करून पत्ता व प्रसंग सांगता यावा, इतकं मात्र हवंच. कौन्सिलच्या इंग्रजी वर्गात आल्याआल्या नाव घाला.

तुमची मराठी मात्र बाजूला ठेवू नका. ज्या मुलांच्या घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना ती भाषा खेळण्या-शिकण्यात वापरण्याची संधी द्यावी, असं आराखडाच सांगतो. मराठी कुटुंबं अशा ताईच्या शोधात असतात. जिच्याकडे बाळ ‘चांदोमामा’ म्हणायला शिकेल आणि जिचे कागदही पूर्ण असतील, तिला कामाची ददात पडत नाही. पात्र नोकरदार पालकांना सप्टेंबर 2025 पासून बाळ नऊ महिन्यांचं झाल्यापुढच्या सत्रापासून शाळेच्या सत्रांत आठवड्याला 30 तासांचं सरकारी साहाय्य मिळतं. कौन्सिलशी करार केलेल्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडरकडेही ते वापरता येतं, नोंदणी नसलेल्या बाईकडे नाही.

शेवटचं सांगणं

मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात जाणाऱ्या आया आपली लेकरं कोणावर सोपवून जातात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. मूल दुसऱ्याच्या हाती देताना आईच्या मनात काय होतं ते तुम्हाला सांगावं लागत नाही. ही जाण कोणताही वर्ग देऊ शकत नाही, आणि ती जाण असली म्हणून वर्ग टाळूनही चालणार नाही. तेव्हा घाई करू नका. ओळखीच्यांनी कितीही आग्रह केला तरी नोंदणीचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एकही मूल पैसे घेऊन सांभाळू नका. शुल्क आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून पाहा. आणि तुमची नोंदणी झाली की पाठोपाठ येणाऱ्या पुढच्या ताईला अर्ज भरायला मदत करा.