एका काडीचे झाड

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने पुष्कळ. खेड्यापाड्यांतून माणसे तिथे येतात. एकदा तिथे आम्हाला एक आजी भेटल्या. नातवाला खोकला होता. डॉक्टरांनी औषध लिहून दिले होते.

जवळच्या एका घराच्या अंगणात पानओवा होता. आजी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एक काडी देता का जी? पोराला हाच पाला देईन. औषध कायले पाहिजे?"

बाईंनी चार काड्या दिल्या. म्हणाल्या, "आजी, भजी करा, काढा करा. पण औषध सोडू नका."

आजींनी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. एक पैसाही लागला नाही.

काडी लावणे सोपे आहे. पण आमच्या हातूनही एकदा चूक झाली. भर मे महिन्यात आम्ही पुदिन्याच्या काड्या उन्हात लावल्या. चार दिवसांत साऱ्या वाळल्या. असे का झाले? काडीला मुळे नसतात. ती पाणी थोडेच ओढते. पाने मात्र पाणी बाहेर टाकतात. म्हणून काडीला सावली हवी.

रामटेककडचे पानमळे पाहा. पानवेल बी पेरून लावत नाहीत. वेलाचे तुकडे लावतात आणि वर सावली धरतात. तीच रीत घरी करावी.

पाऊस पडला की काडी लावावी. पुदिन्याची, पानओव्याची काडी कोवळी चालते. अडुळशाची मात्र जून, वीतभर घ्यावी. काडीवर तीन-चार गाठी असाव्यात. मुळे बहुधा गाठीपाशी फुटतात. गाठीच्या खाली धारदार चाकूने कापावे. खालची पाने काढावीत. वर दोन-चार ठेवावीत.

फुटकी घागर किंवा जुना डबा घ्यावा. तळाला भोक पाडावे. अर्धी माती, अर्धी रेती भरावी. दोन गाठी मातीत जातील अशी काडी खोचावी. माती ओलसर ठेवावी. चिखल झाला तर काडी कुजते.

पुदिना पाण्याच्या पेल्यातही मुळे धरतो. पाणी एक दिवसाआड बदलावे. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात.

मुळे फुटली का, हे पाहायला काडी उपटू नये. नवे पान फुटले, काडी ओढून हलेना, म्हणजे ती लागली असे समजावे. सांबार मात्र काडीने येत नाही. त्याचे धनेच पेरावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोटुशी बाईने अडुळसा घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. लहान मूल धापा टाकत असेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पुढच्या खेपेला आजी पुन्हा आल्या. नातू बरा होता. त्याने औषध पुरे घेतले होते. आजींनी पिशवीतून ओले फडके काढले. त्यात अडुळशाच्या दोन काड्या होत्या.

"ह्या तुमच्यासाठी, बाई," आजी म्हणाल्या.

सांगा पाहू
१. काडीला सावली का हवी?
२. पेल्यातले पाणी का बदलावे?
३. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काय कराल?