केमोच्या दिवसांतलं पत्रं-पुष्पं

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६



या श्लोकात भगवंत चारच गोष्टींची नावं घेतात : पान, फूल, फळ, पाणी. सगळ्या गरिबालाही परवडणाऱ्या. पण आईची केमोथेरपी सुरू झाली आणि त्यांतल्याही कमी होत गेल्या. प्रत्येक केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, इन्फेक्शन पटकन होतं. म्हणून डॉक्टरांनी ताजी फुलं बंद केली, तुळशीच्या मातीत हात घालू नका म्हणाले. फळ सोलून, पाणी उकळून. हार-पेढ्यांचे पैसेही आता औषधांना जातात. आईला एकच खंत : देवाची सेवा राहिली.

श्लोक पुन्हा वाचा. पान, फूल, फळ, पाणी एकेकदाच येतात. भक्ती मात्र दोनदा. भक्त भक्तीने देतो, आणि देव स्वीकारतो तेही भक्तीने आणलेलंच. वस्तू बदलली तरी चालते, भाव बदलून चालत नाही. पुढच्याच श्लोकात (९.२७) भगवंत सांगतात, जे करशील, जे खाशील ते मला अर्पण कर. म्हणजे मळमळत असताना आईने नाम घेत खाल्लेले मऊ भाताचे चार घास, हाही नैवेद्यच की!

सध्या आमच्या देवघरात एक निरांजन आणि वाटीभर उकळून गार केलेलं पाणी. पूजा पूर्ण होते.

आजची साधना : घरात कुणी आजारी असेल, तर त्यांच्या गोळ्यांचा डबा भरताना नाम घ्या.