टोचून आलेली पाहुणी

(लालबागच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत गावठी कोंबड्या पाळणाऱ्या पुतणीला गिरगावच्या काकांचे कानमंत्र)

कोंबडी वाचवलीस, चांगलं केलंस. आंबेडकर रोडवर टेम्पोच्या जाळीतून पडलेला जीव एक तर चाकाखाली जातो, नाहीतर कुत्र्याच्या तोंडी. पण आज रात्री तिला आपल्या गावठी कोंबड्यांच्या खुराड्यात सोडू नकोस. तू फोनवर म्हणालीस, ‘काका, ती फार्मची आहे, तिला सगळ्या लशी टोचलेल्या असणार, मग भीती कसली?’ अगं, भीती तिच्यासाठी नाहीच. तुझ्या पाचांना आजवर एकही लस मिळालेली नाही, भीती त्यांची आहे. पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी रायगडात केली, तेव्हाही लोकांना हेच पटवणं सगळ्यांत जड जायचं: लस ज्या कोंबडीला टोचली तिला जपते, तिच्या शेजारणीला जपेलच असं नाही. ते काम आपलं.

१. पाहुणी कुठून आली ते आधी ओळख.

तिची चोच बघ. टोकाला कापलेली, बोथट असेल, तुरा मोठा आणि एका बाजूला कललेला असेल, अंग सडपातळ आणि मानेवरची-पाठीवरची पिसं पिंजऱ्याला घासून झिजलेली असतील, तर ती अंड्यांवरची, म्हणजे लेअर. अंडी कमी झाली की फार्मवाले असा माल कटिंगला काढतात. छाती रुंद, पाय जाड, अंगाने भरलेली, पण आवाज मात्र अजून पिल्लासारखा चिवचिवता असेल, तर ती ब्रॉयलर. ब्रॉयलरचं वय सहा-सात आठवड्यांच्या पुढे सहसा नसतं.

हा फरक लशींसाठी महत्त्वाचा. लेअरला हॅचरीत पहिल्याच दिवशी मरेक्सची लस मिळते, पुढे राणीखेतची वारंवार, मग गंबोरो, देवी. ब्रॉयलरचं आयुष्यच छोटं, म्हणून तिच्या लशीही मोजक्या, मुख्यतः राणीखेत आणि गंबोरोच्या. त्यामुळे ‘फार्मची म्हणजे सगळं झालेलं’ असं धरून चालू नकोस. आणि ब्रॉयलर असेल तर खाणं मोजून दे, नाहीतर वजन वाढून पाय आणि हृदय दोन्ही जातात.

२. लशीने काय थांबतं आणि काय थांबत नाही, हे समजून घे.

मरेक्स हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला रोग. १९०७ साली बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. कोंबडी लुळी पडते, एक पाय पुढे आणि एक मागे फाकवून बसते, आतून गाठी होतात, डोळ्याचं बुबुळ राखाडी पडतं. उपचार नाही. १९७० च्या सुमाराला लस आली आणि फार्मवरची मर खूप कमी झाली. पण ही लस गाठी आणि मरण थांबवते, विषाणूचा शिरकाव थांबवत नाही. टोचलेल्या कोंबडीच्या अंगात फार्मवरचा खरा विषाणू शिरला, तर ती धडधाकट दिसते, अंडी घालते, आणि पिसांच्या कोंड्यातून तो विषाणू जन्मभर टाकत राहते. पावसाळ्यात लोकलच्या डब्यात छत्रीवाला स्वतः कोरडा असतो, भिजतो त्याच्या ओल्या छत्रीला खेटून उभा राहिलेला शेजारी. तसं हे.

२०१५ साली शास्त्रज्ञ अँड्र्यू रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं. सगळ्यांत जहाल मरेक्सने लस नसलेली कोंबडी इतक्या लवकर मेली की तिला विषाणू फारसा पसरवता आला नाही. लस घेतलेली जगली, आणि जगली म्हणून आठवडेच्या आठवडे पसरवत राहिली. तिच्याबरोबर ठेवलेल्या, लस नसलेल्या कोंबड्यांना त्यातून रोग लागला.

उलट बाजूची अफवाही ऐकशील, की लसच रोग देते. मरेक्सच्या लशीने मरेक्स होत नाही. राणीखेतची लासोटा मात्र जिवंत लस आहे. दिल्यावर काही दिवस ती विष्ठेतून, श्वासातून थोडी बाहेर पडते. तो विषाणू सौम्य असतो, पण अशक्त पिल्लाला तेवढाही पुरतो. म्हणून आत्ताच लस दिलेली कोंबडी लगेच मिसळायची नाही.

३. महिनाभर वेगळी म्हणजे खरोखरच वेगळी.

१८९६ च्या प्लेगापासून या शहराला वेगळं ठेवणं म्हणजे काय ते माहीत आहे, करोनात तूही पाहिलंस. चाळीत जागा कुठून आणायची, असं म्हणशील. कोंबड्या खाली मागच्या बाजूला आहेत ना? मग पाहुणी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वर घट्ट जाळी लावून, कारण लालबागच्या आकाशात घारी कमी नाहीत. गच्ची नसेल तर एखाद्या नातेवाइकाकडे, जिथे दुसरी कोंबडी नाही. एकाच आवारात दोन कोपरे करणं हे वेगळं ठेवणं नव्हे. कोंडा वाऱ्याने उडतो.

रोगाला पाय बहुतेक वेळा आपलेच असतात. सकाळी आधी आपल्या कोंबड्यांचं सगळं आटप, मग पाहुणीकडे जा. उलट कधीच नाही. तिच्यासाठी चपला वेगळ्या, झाडू वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं. परत आल्यावर साबणाने हात धू आणि कपडे बदल.

राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, अंगात असेल तर साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडते: हिरवट पातळ विष्ठा, धाप, मग मान वळणं. घशाची घरघर, नाकाचं पाणी, उवा, पिसवा, जंत हेही महिन्यात कळतं. डॉक्टरकडून विष्ठा तपासून घे, रक्ती हगवणीचं बघायला सांग. मरेक्सचा वाहकपणा मात्र महिनाच काय, वर्षभर ठेवूनही नजरेला दिसणार नाही. म्हणून महिना संपला की धोका संपला, असं समजू नकोस. देवीचंही वेगळंच: ती डासांबरोबर येते आणि डासाला गच्ची लांब नाही. पाहुणीवर आणि खुराड्यावर, दोन्हीकडे मच्छरदाणी लाव.

४. तो महिना आपल्या कोंबड्यांच्या कामी लाव.

लोक नव्या कोंबडीकडे बघत बसतात आणि घरच्यांना विसरतात. पाहुणी वेगळी असतानाच तुझ्या पाचांना राणीखेतची लस दे. लशीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे पाहुणीशी गाठ पडेपर्यंत तुझ्या तयार होतील. आधी जंताचं औषध, आठवड्याने लस, आणि तीही ठणठणीत कोंबडीलाच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, मोठ्यांना आर-टू-बी ही दुसरी लस पंखाखाली, असा रिवाज आहे. पण अंड्यावरच्या कोंबडीला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, त्याच्या बाजूला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. लालबागहून चालत जाशील एवढ्यावर. विचारायला लाजू नकोस.

लशीची बाटली शंभर, दोनशे, हजार मात्रांची येते, पाचांसाठी छोटी मिळत नाही. विरघळवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीत, चाळीत, कोळीवाड्यात ज्यांच्या ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांना एकाच सकाळी गोळा कर. दुकानातून बर्फाच्या थर्मासमधून आण, डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नकोस. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी तसंच वापरू नकोस. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जिवंत लस मारून टाकतं. उकळून गार केलेलं पाणी घे, त्यात थोडी दुधाची पावडर घाल. थोड्या कोंबड्या असल्या तर डोळ्यातला थेंबच बरा. देताना स्वतःच्या डोळ्यात उडू देऊ नकोस, चार दिवस डोळा लाल होतो.

मरेक्सची लस मात्र आता तुझ्या मोठ्यांना देऊन उपयोग नाही. ती अंड्यातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या दिवसाचीच. त्यांना आता आधार त्यांच्या वयाचा. पूर्ण वाढलेली कोंबडी मरेक्सला पिल्लापेक्षा बरीच चिवट असते.

५. पिल्लं किंवा तलंगा असतील तर मिसळण्याचा विचारच सोड.

मरेक्सचा तडाखा कोवळ्या वयालाच जास्त. तुझी एखादी खुडूक बसली असेल, पिल्लं निघायची असतील, तर पाहुणी येणार नाही. पुढे पिल्लं काढायचीच असतील तर हॅचरीतून मरेक्सची लस दिलेली घे आणि ती मोठ्यांपासून दोन महिने लांब वाढव. लस काम सुरू करण्याआधी विषाणू पोचला तर लशीचा उपयोग होत नाही.

६. आधी बघू दे, मग भिडू दे.

सगळं नीट पार पडलं तर पाहुणीला आवारात आण, पण डालग्याखाली. आठवडाभर दिवसा तिथे ठेव, बाकीच्या बाहेरून फिरतील, टोचायला बघतील, मग कंटाळतील. कोंबड्यांत कोण मोठी, कोण धाकटी हे टोचाटोचीनेच ठरतं. नॉर्वेच्या शेल्डरूप-एबे यांनी १९२० च्या दशकात ते नीट मांडलं. तू मध्ये पडून ते बदलणार नाही, फक्त रक्त येऊ देऊ नकोस. लाल दिसलं की सगळ्या मिळून त्याच जागी टोचतात. जखमेला हळद लाव आणि तिला परत वेगळी कर.

चोच कापलेली असल्याने ही लढाईत हरणारच. म्हणून दाणे दोन जागी, पाणी दोन जागी, आणि लपायला एक आडोसा. सपाट जमिनीवरचे बारीक दाणे तिला वेचता येत नाहीत, तिला खोल भांड्यात दे. पिंजऱ्यातली असल्याने दांडीवर बसणं तिला ठाऊक नसतं. पहिले काही दिवस अंधार पडल्यावर तूच उचलून बसव. अंड्यावरची असेल तर शिंपल्याचा चुरा हवाच.

७. कावळे, उंदीर आणि उघडं खाणं.

महिनाभर केलेली सगळी मेहनत एका उघड्या ताटलीने वाया जाते. दाणे खाऊन झाले की उचल. लालबागच्या घुशी अंडी पळवतात आणि रोगही आणतात. आणि कावळ्यांबरोबर भीती बर्ड फ्लूची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि त्याच दिवसांत मुंबईतल्या मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांतही विषाणू निघाला. तुझ्या पाहुणीला त्याविरुद्ध काही टोचलेलं असेल अशी आशा धरू नकोस. उपाय एकच, रानपक्ष्यांशी वाटा तोडणं.

८. मेली तर लपवायचं नाही.

एक मेली तर कचऱ्यात टाकू नकोस, आणि कापून खाण्याचा तर विचारही नको. हातमोजे घालून पिशवीत, पिशवी बर्फात, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की तपासणीत नीट दिसत नाही. डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घे, म्हणजे मरेक्स की मानमोडी हे कळेल आणि उरलेल्या वाचतील. दोन-तीन दिवसांत एकामागोमाग एक जाऊ लागल्या तर तुझं घर, चाळ, नातेवाईक यांच्या आधी पशुसंवर्धन विभागाला कळव. २००९ च्या कायद्याने संसर्गजन्य रोगाचा संशय कळवणं बंधनकारक आहे. कुठलंही प्रतिजैविक दिलंस तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नकोस आणि शेजारी देऊ नकोस.

शेवटचं सांगतो, कारण लोक हे ऐकताना तोंड पाडतात. मिसळता आलं नाही तर पाहुणीवर अन्याय होत नाही. तिला एकटी ठेवू नकोस एवढंच. तिच्यासारखीच टोचलेली, मोठी झालेली दुसरी एखादी मिळाली तर दोघी गच्चीवर सुखाने राहतील. किंवा जिथे दुसरा कळप नाही अशा घरी दे. जीव वाचवायला खुराडं एक असावं लागत नाही.

उद्या परळला जाशील तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ये. पाहुणी लेअर की ब्रॉयलर, तिच्या विष्ठेत काय निघालं, आणि माझ्या पाचांना राणीखेतची कुठली लस. चौथी गोष्ट चाळीत विचार, आणखी कुणाकडे कोंबड्या आहेत. बाटली फोडायची तर सगळ्यांसाठी मिळून फोडू.