अनामत

विद्यार्थी मित्रांनो, 'अमानत' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. मराठीत तोच शब्द 'अनामत' असा झाला. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू म्हणजे अनामत. ती जपावी लागते. पण एकदा आपल्या देशाकडे वस्तू नव्हे, तर बावीस हजारांहून अधिक माणसे सोपवण्यात आली होती. ती हकिगत ऐका.

१९५० साली कोरियात युद्ध पेटले. उत्तर कोरियाच्या बाजूने चीन लढत होता. दक्षिण कोरियाच्या बाजूने अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली आलेले इतर देश होते. पुढे युद्ध थांबवायचे ठरू लागले, पण कैद्यांचा प्रश्न सुटेना. हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीने पाठवावे, की त्यांची इच्छा विचारावी? आणि विचारायची तर कोणी? दोन्ही पक्षांचा एकमेकांवर विश्वास नव्हता.

अखेर युद्धात न लढलेल्या पाच देशांचा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले. जनरल थिमय्या अध्यक्ष झाले. कैद्यांच्या रक्षणाचे काम फक्त भारतीय सैन्याला मिळाले. या सैन्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

काम सोपे नव्हते. दक्षिण कोरियाच्या सरकारला भारतीय सैनिक आपल्या भूमीवर नको होते. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने छावणीत नेण्यात आले. तेथे कैदीही त्यांना शत्रू समजत. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले. गोळीबाराचा हुकूम देता आला असता. पण मग किती जीव गेले असते! थोरात मोजके सहकारी घेऊन स्वतः संतप्त कैद्यांमध्ये गेले. त्यांच्याशी बोलून त्यांनी अधिकाऱ्याची सुटका करवली. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (द्वितीय श्रेणी) मिळाले.

सर्व काही मनासारखे झाले, असे मात्र नाही. पुढे काही प्रसंगी गोळीबार करावा लागला व काही कैदी मरण पावले. कैद्यांचे पुढारी इतरांना धाक दाखवत. त्यामुळे प्रत्येकाची इच्छा मोकळेपणाने विचारता आली नाही. तरी जे कैदी जीव मुठीत धरून पहारेकऱ्यांकडे आले, त्यांना भारतीय सैनिकांनी आसरा दिला. १९५४ च्या जानेवारीत बहुतेक कैदी मायदेशी न जाता दुसरीकडे गेले. ८८ जण मात्र आपल्या सैन्याबरोबर भारतात आले.

मित्रांनो, भांडणाऱ्या दोघांमध्ये उभे राहणाऱ्याला दोघांचेही बोल ऐकावे लागतात. तरीही कोणीतरी उभे राहावेच लागते. तुमच्या वर्गात तशी वेळ आली, तर तुम्ही उभे राहाल ना?

स्वाध्याय
१. कैद्यांचा प्रश्न का सुटत नव्हता?
२. थोरातांनी अधिकाऱ्याची सुटका कशी करवली?
३. 'जीव मुठीत धरणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.