प्रवचन, प्रचार आणि मधली भिंत

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'धर्म आणि राज्य यांची फारकत' हा विषय दोन-तीन परिच्छेदांत संपतो. अमेरिकेने फारकत केली, आपण सर्वधर्मसमभाव स्वीकारला, एवढे लिहिले की परीक्षेपुरते काम भागते. पण एखादा चौकस विद्यार्थी मला वर्गात विचारतो, "सर, फारकत झाली असेल तर अमेरिकेतले उमेदवार निवडणुकीच्या तोंडावर रविवारी चर्चमध्ये भाषण करताना कसे दिसतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून हा लेख.

भिंत कोणी मागितली?

१७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिली दुरुस्ती झाली. काँग्रेसने कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करू नये आणि कोणाच्या उपासनेला अडथळाही आणू नये, असे तिचे दुहेरी बंधन आहे. 'भिंत' हा शब्द मात्र घटनेत कोठेही नाही. तो रूढ झाला १ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी लिहिलेल्या एका पत्रामुळे. हे पत्र कनेक्टिकट राज्यातील डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेले होते. त्या राज्यात काँग्रिगेशनल पंथाला राजाश्रय होता, बॅप्टिस्ट अल्पसंख्य होते, आणि आपले धर्मस्वातंत्र्य ही सरकारने दिलेली सवलत ठरेल, अशी त्यांना धास्ती होती. त्याच्याही आधी, १६४४ साली, रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामधील भिंतीची कल्पना मांडली होती. म्हणजे ही भिंत मागणाऱ्यांत श्रद्धावंत माणसे पुढे होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. सत्तेचा हात देवघरात शिरला तर आधी देवघरच बाटते, हे त्यांनी ओळखले होते.

१९५४ चे कलम

घटनेने बंधन घातले ते सरकारवर. चर्चमधील प्रचारावर बंधन आले ते कराच्या कायद्यातून, आणि तेही फार उशिरा. १९५४ साली टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी एक दुरुस्ती सुचवली. ज्या धर्मादाय संस्थांना प्राप्तिकराची माफी आहे, त्यांनी कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात भाग घेऊ नये, असा तिचा आशय. १९८७ साली उमेदवाराविरुद्धचा प्रचारही त्यात स्पष्टपणे घालण्यात आला. हे कलम चर्चप्रमाणेच विद्यापीठांना आणि धर्मादाय इस्पितळांनाही लागू आहे.

यामागचे कारण पैशाशी निगडित आहे. चर्चला दिलेली देणगी दात्याला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. उमेदवाराला दिलेली देणगी तशी वजा होत नाही. शिवाय इतर संस्थांना जे वार्षिक विवरण प्राप्तिकर खात्याला द्यावे लागते, ते चर्चला द्यावे लागत नाही. तेव्हा चर्चला प्रचाराची मुभा मिळाली तर निवडणुकीचा पैसा धर्माच्या पेटीतून, करमाफीसह आणि हिशेबाविना वाहू लागेल.

या कलमाने उमेदवाराला चर्चचे दार बंद झालेले नाही. सर्व उमेदवारांना सारखी संधी देऊन बोलावता येते. मतदार नोंदणी करता येते. गर्भपात, युद्ध, दारिद्र्य अशा प्रश्नांवर बोलता येते. पाद्री स्वतःच्या नावे, चर्चबाहेर, कोणालाही पाठिंबा देऊ शकतो. 'अमक्याला मत द्या' हे संस्थेच्या वतीने सांगता येत नाही, एवढेच.

दोन उदाहरणे

१९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या चार दिवस आधी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनजवळच्या पिअर्स क्रीक येथील चर्चने दोन राष्ट्रीय दैनिकांत बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध पानभर जाहिरात दिली. तिच्यात करमाफीपात्र देणग्यांचे आवाहनही होते! १९९५ साली चर्चची करमाफी काढून घेण्यात आली आणि २००० साली अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. २००४ च्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये इराक युद्धावर टीका करणारे प्रवचन झाले. कोणाला मत द्या, हे वक्त्याने सांगितले नाही. तरी चौकशी सुरू झाली आणि २००७ मध्ये करमाफीला धक्का न लागता संपली. नीतीचा उपदेश कोठे संपतो आणि प्रचार कोठे सुरू होतो, हे ठरवणे किती अवघड आहे, ते यावरून दिसते.

कृष्णवर्णीयांच्या चर्चचा प्रश्न

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चर्चने राजकारणापासून दूर राहायचे, तर मार्टिन ल्यूथर किंग यांचे काय? १९५५ च्या माँटगोमेरीतील बस-बहिष्काराच्या सभा चर्चमध्येच भरल्या. ज्यांना सभागृह, वर्तमानपत्र, मतपेटी यांपैकी काहीच मोकळे नव्हते, त्यांना चर्च हेच एक स्वतःचे छप्पर होते. आजही अनेक कृष्णवर्णीय चर्च उपासनेनंतर लोकांना मतदान केंद्रावर नेण्याची व्यवस्था करतात.

माझ्या मते या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. बसमध्ये समान जागा मागणे हा न्यायाचा प्रश्न होता. तेथे कोणा उमेदवाराच्या नावाची गरज नव्हती. १९६० साली किंग यांनी स्वतः कोणाही अध्यक्षीय उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला नव्हता. अन्यायाविरुद्ध धर्माने बोलावे. पण उमेदवाराचा हस्तक होऊ नये.

अलीकडचे वळण

हे कलम क्वचितच बजावले गेले. २००८ साली ३३ पाद्र्यांनी ठरवून, उघडपणे, व्यासपीठावरून उमेदवारांविषयी प्रवचने केली, तरी फारसे काही झाले नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्यानेच टेक्ससमधील एका खटल्यात निवेदन दिले, की उपासनेच्या वेळी चर्चने आपल्या भाविकांशी निवडणुकीविषयी केलेले बोलणे हा प्रचारातील सहभाग मानू नये. ते कुटुंबातल्या चर्चेसारखे आहे. त्या निवेदनाने कलमाचा शब्द बदलला नाही, पण त्याची धार मात्र बोथट झाली.

आपला कायदा

आपल्याकडे बंधनाचा मुख्य रोख उमेदवारावर आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार असून त्यामुळे निवडणूकच रद्द होऊ शकते. १९९० च्या मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले, की उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. आदर्श आचारसंहितेत मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर निषिद्ध आहे आणि १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापकालाही जबाबदार धरले आहे. अमेरिकेत चुकणाऱ्या चर्चची सवलत जाते. आपल्याकडे उमेदवाराची जागा जाऊ शकते. कागदावर आपला कायदा अधिक कडक आहे. अंमलाविषयी तसे म्हणता येईल का, याचा विचार वाचकांनी आपापल्या गावची निवडणूक आठवून करावा.

शेवटी, 'कुटुंबातली चर्चा' या उपमेविषयी. कुटुंबात धाकटाही उलट बोलू शकतो. प्रवचनात, कीर्तनात किंवा खुतब्यात श्रोत्याला उठून प्रतिवाद करण्याची सोय नसते. प्रचारसभेत आपण मतदार म्हणून, हवे तर टवाळी करायलाही जातो. देवापुढे मात्र आपण मान खाली घालून बसतो. त्या खाली घातलेल्या मानेचा फायदा कोणीही घेऊ नये, एवढ्यासाठी मला ती भिंत हवीशी वाटते.